नेम

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गोफण फिरवणारा पोरगा नेम धरतो, तेव्हा त्याची नजर समोरच्या लक्ष्यावर खिळलेली असते. वारकऱ्याचा एकादशीचा नेम निराळा. एकादशी आली की ती करायची, इतकेच. देह सुधारू पाहणाऱ्याने यांतला कोणता नेम पत्करावा, याचे उत्तर मला औंधच्या इतिहासात सापडते.

औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे मोठे भोक्ते. त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. त्याच्या पद्धतीत फितीला फार मान. छाती किती भरली, दंड किती फुगला, हे मोजून पाहायचे. बाळासाहेबांनी १८९७ साली सँडोची उपकरणे व पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. छाती रुंदावली, पोट मात्र हटेना! पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि तो क्रम त्यांनी म्हातारपणातही मोडला नाही.

कोणी म्हणेल, नियमितपणा तर सँडोच्या वेळीही होता. खरे आहे. पण नमस्काराला उपकरण नको, फीत नको. सूर्य उगवला की एक सतरंजी आणि मुखी मंत्र पुरे. राजाबरोबर राणी घाली, मुले घालीत. आहारही त्याला जोडून साधा झाला. जी गोष्ट सगळे घर करू लागते, ती टाळायला माणसाला निमित्त शोधावे लागते. १९३८ साली लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांचे नमस्कारांवरचे पुस्तक संपादून लंडनमध्ये प्रसिद्ध केले. संस्थानच्या शाळांत बाळासाहेबांनी नमस्कार सक्तीचे केले होते. ती सक्ती मात्र, मी मास्तर असूनही, मला तितकीशी रुचत नाही.

मोजमापाला सरसकट नावे ठेवायचे कारण नाही. आमच्याच मावळात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापले, तेथे क्ष-किरणांनी आणि रक्तदाबाच्या यंत्रांनी योगक्रियांची तपासणी केली. पण ते मोजणे होते देहात काय घडते हे समजून घेण्यासाठी.

मी नवलाख उंबऱ्यात शिकवतो. येथे काटा असे तो भाताच्या पोत्यांसाठी. लावणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या माणसाला आपले वजन ठाऊक नसे, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नसे. आता शिवारात कारखाने उभे राहिले. तरणी पोरे कंपनीच्या बसने जातात, बसून काम करतात, बसने परततात. मग लग्नाची तारीख ठरली की दहा किलो उतरवायचे म्हणून रात्रीची भाकरी सोडतात. तारीख उलटते, भाकरी परत येते आणि तिच्यामागून पोटही.

रथसप्तमीला शाळाशाळांतून नमस्कारांचा सोहळा होतो, कोणी किती घातले याची चढाओढ लागते. अष्टमीला मैदान ओस! माझ्या वर्गात आम्ही रोज प्रार्थनेनंतर पाचच घालतो. पाऊस असला तर व्हरांड्यात. गेल्या आषाढात मला ताप आला होता, तेव्हा पोरांनी ते माझ्यावाचूनच घातले.