डंगजौची चौकशी

इ. स. १६३२ सालीं चीनच्या उत्तर किनाऱ्यावरील त्येनत्सिन बंदरास एक जहाज लागलें. त्यांतून उतरलेला पन्नाशीचा गृहस्थ थोड्याच दिवसांपूर्वीं डंगजौ व लायजौ या सागरी प्रदेशाचा सुभेदार होता. मध्यंतरीं त्याच्याच फौजेनें बंड करून त्याला कैद केलें आणि कांहीं काळ जवळ ठेवून पुन्हा सोडून दिलें. शत्रूच्या तावडींतून जिवंत सुटलेल्या मनुष्याचें घरीं स्वागत व्हावें, अशी जगाची रीत आहे. या गृहस्थाच्या हातांत मात्र बेड्या पडल्या. त्याचें नांव सुन युआनह्वा. पाश्चात्य पद्धतीची तोफ कशी ओतावी, तिचा नेम कसा धरावा व तिच्यासाठीं तट कसा बांधावा, हें त्याच्याइतकें जाणणारे लोक त्या अफाट साम्राज्यांत बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्याला शत्रूनें कां पकडलें, कां सोडलें आणि दोष कोणाचा, याची चौकशी पेकिंगच्या दरबारानें केली. त्या चौकशींत एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून गेला. आणि पुढील इतिहासाच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा होता.

सुन हा शांघायजवळील ज्यादिंग गांवचा. प्रांतिक परीक्षा तो १६१२ मध्यें उत्तीर्ण झाला. सर्वोच्च पदवी त्याला कधींच मिळाली नाहीं. परंतु गुरु लाभला तो शू ग्वांगची. याच शूनें मातेओ रिची या जेझुइट पाद्र्याच्या साह्यानें युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेंत आणून १६०७ मध्यें प्रसिद्ध केले होते. गुरूपासून शिष्यानें भूमिति घेतली, ख्रिस्ती धर्म घेतला आणि तोफांचा ध्यासहि घेतला. सुननें तोफांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत नळीच्या तोंडाचा व्यास हें मूळ माप धरून तोफेच्या इतर भागांचीं मापें ठरविलीं आहेत. दारूचें मिश्रण, तोफेचा गाडा आणि नेमाचा कोन मोजण्याचें उपकरण यांचेंहि विवेचन आहे. पूर्वींचा गोलंदाज अंदाजानें तोफ डागीत असे. सुनचा गोलंदाज मोजून डागणार होता.

या विद्येची त्या वेळीं चीनला निकड होती. ईशान्येकडील जुर्चेन लोकांनीं, म्हणजे पुढें मांचू म्हणून प्रसिद्धीस आलेल्या लोकांनीं, मिंग साम्राज्याचा ल्यावदुंग प्रांत गिळला होता. उघड्या मैदानांत त्यांच्या घोडदळापुढें चिनी सैन्याचा टिकाव लागत नसे. परंतु १६२६ मध्यें निंगयुआनच्या तटावर पाश्चात्य बनावटीच्या अकरा तोफा चढविलेल्या होत्या; तेथें जुर्चेनांचा वृद्ध राजा नुर्हाची याला माघार घ्यावी लागली, आणि त्याच वर्षीं तो मरण पावला. तोफ हेंच साम्राज्याचें कवच होय, असें शू व सुन हे गुरुशिष्य जें सांगत होते, त्याचा हा पडताळा होता.

सुनला १६३० मध्यें डंगजौची सुभेदारी मिळाली. शांतुंगच्या टोकावरील या बंदरांतून समुद्रमार्गें ल्यावदुंगच्या किनाऱ्यावर जातां येत असे. तेथें त्यानें नव्या धर्तीची फौज उभारली. तिच्या शिक्षणासाठीं मकावहून पोर्तुगीज गोलंदाज आले; त्यांचा नायक गोंसालो तेशैरा कोर्रेया आणि दुभाषी जुआंव रोद्रिगेश हा वयोवृद्ध जेझुइट. या तुकडीचा दूरचा संबंध आपल्या पश्चिम किनाऱ्याशीं पोंचतो. मकाव हें त्या काळीं गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखालीं होतें, आणि मकावच्या प्रसिद्ध ओतशाळेचा प्रमुख मानुएल तावारेश बोकारो हा गोव्यांतील तोफा ओतणाऱ्या घराण्यांतला होता.

विद्या अशी जमली; माणसें मात्र जमलीं नाहींत. सुनच्या फौजेंत ल्यावदुंगमधून परागंदा झालेल्या शिपायांचा मोठा भरणा होता. त्यांचे नायक खुंग यौदे व गंग जुंगमिंग हे पूर्वीं माओ वेनलुंग नांवाच्या सेनापतीच्या पदरीं होते. तो सेनापति १६२९ मध्यें आपल्याच वरिष्ठाच्या हातून मारला गेला होता. शांतुंगचे लोक या निर्वासितांस परके मानीत, आणि शिपायांना जनतेबद्दल प्रेम नव्हतें. सुननें मात्र त्यांना जवळ केलें; शत्रूच्या मुलखाची माहिती व लढण्याची ईर्षा यांच्याजवळ आहे, असें त्याचें मत होतें.

१६३१ मध्यें नुर्हाचीचा पुत्र हुंग ताइजी यानें दालिंग नदीकांठच्या किल्ल्यास वेढा घातला. त्या किल्ल्याच्या मदतीस खुंगची तुकडी खुष्कीच्या मार्गानें निघाली. कडाक्याची थंडी, रसद नाहीं, आणि वाटेंतील गांवकरी दुकानें बंद करून बसलेले. वूच्याव येथें एका भुकेल्या शिपायानें एका बड्या घराण्याच्या नोकराची कोंबडी चोरली. त्या घराण्यानें तक्रार केली; शिपायाच्या कानांत बाण टोंचून त्याची धिंड काढण्यांत आली. चिडलेल्या साथीदारांनीं त्या नोकराला ठार केलें, आणि पाहतां पाहतां सर्व तुकडी उलटली. कोंबडी हें निमित्त झालें. थकलेला पगार, उपासमार आणि अपमान यांचें कोठार आधींच भरलेलें होतें.

बंडखोर गांवें लुटीत डंगजौकडे परतले. येथें सुनच्या हातून चुका घडल्या, आणि त्या लपविण्यांत अर्थ नाहीं. माणसें आपलीं आहेत, समजुतीनें वळतील, या भरंवशावर त्यानें वाटेवरील ठाण्यांना त्यांच्यावर हल्ला न करण्याची आज्ञा दिली. बंडखोर शहराशीं येऊन भिडले, तेव्हां बाहेर लढावयास गेलेल्या ल्यावदुंगी शिपायांपैकीं कित्येक त्यांना जाऊन मिळाले; तेच पुढें परत आले असतां, इतरांचा विरोध असूनहि सुननें त्यांना शहरांत घेतलें. अखेर १६३२ च्या फेब्रुवारींत गंग जुंगमिंगनें आंतून फितुरी केली, दरवाजे उघडले आणि डंगजौ पडलें. तटावर लढतांना कोर्रेयासह बारा पोर्तुगीज मारले गेले. वृद्ध रोद्रिगेश तटावरून बर्फांत उडी टाकून निसटला. वीसाहून अधिक मोठ्या तोफा, सुमारें तीनशें लहान पाश्चात्य तोफा आणि त्या डागावयास शिकलेले गोलंदाज बंडखोरांच्या हातीं पडले.

सुननें तलवारीनें आत्महत्येचा प्रयत्न केला, तो फसला. बंडखोरांनीं त्याला आपला पुढारी होण्याची गळ घातली. ती त्यानें धुडकावून लावली. तेव्हां जुन्या उपकारांस स्मरून खुंगनें त्याला, आणि त्याचे सहकारी वांग जंग व जांग ताओ यांना, जहाजांत बसवून परत पाठविलें.

दरबाराच्या दृष्टीनें हीच त्याच्या विरुद्ध सर्वांत मोठी साक्ष ठरली. तो बंडखोरांस सामील असल्याची अफवा आधींच उठली होती. ज्याच्या ताब्यांतलें शहर पडलें, त्यानें शहराबरोबर मरावें, असा तेथील राजधर्म. हा जिवंत कां? शत्रूनें सोडला तो कशाच्या मोबदल्यांत? शिवाय ही चौकशी एकट्या सुनची नव्हती. प्रधानमंडळांत जौ यानरू व वेन तिरेन यांची चुरस चालली होती. जौ हा सुनचा पाठीराखा, म्हणून सुनचा अपराध जेवढा मोठा ठरेल, तेवढें जौच्या विरोधकांचें पारडें जड होणार होतें. गुरु शू ग्वांगची त्याच वर्षीं प्रधानपदीं चढला, परंतु शिष्याचा जीव त्याला वांचवितां आला नाहीं. तुरुंगांत आदाम शाल हा जर्मन जेझुइट कोळसे वाहणाऱ्या हमालाच्या वेषांत शिरला व त्यानें सुनला अखेरचा धर्मसंस्कार दिला. सप्टेंबर १६३२ मध्यें सुन व जांग ताओ यांचा वध झाला. वांग जंगची शिक्षा सौम्य होऊन तो आपल्या गांवीं परतला.

न्यायाचा निवाडा झाला. सुनचा निष्काळजीपणा खरा होता. त्याची फितुरी मात्र खरी नव्हती, हें त्याचें परत येणेंच सांगत होतें. ज्याला शत्रूस मिळावयाचें आहे, तो बेड्या घालून घेण्यासाठीं पेकिंगची वाट धरीत नाहीं. पण दरबारानें दोष कोणाचा याचाच खल केला. गेलेल्या तोफा व गोलंदाज कोणाच्या हातीं लागतील, आणि उरलेली विद्या कोणापाशीं आहे, हा तो प्रश्न होय. त्याचें उत्तर आयतेंच तुरुंगांत बसलेलें होतें. तें ऐकावयाच्या ऐवजीं त्याचें मस्तक उडविण्यांत आलें.

तो प्रश्न दुसऱ्या एका दरबारानें विचारला. हुंग ताइजीच्या हातींहि कैदी सांपडत. त्यांत चिनी कारागीर होते. त्यांना त्यानें कामास लावलें, आणि १६३१ च्या आरंभीं त्यांच्याकडून पाश्चात्य धर्तीची आपली पहिली मोठी तोफ ओतवून घेतली. १६३३ मध्यें, साम्राज्याच्या फौजेनें डंगजौ परत घेतल्यावर, खुंग व गंग हे दहा हजारांहून अधिक माणसें, जहाजें व तोफा घेऊन समुद्रमार्गें त्याच्या आश्रयास गेले. त्याच्या सरदारांना या परक्यांचा फार मान होणें रुचलें नाहीं. तरीहि त्यानें त्यांना आलिंगन दिलें. १६३६ मध्यें त्या दोघांनाहि राजे ही पदवी मिळाली. एका कोंबडीपायीं उठलेली तुकडी अशा रीतीनें मांचूंच्या तोफखान्याचा कणा बनली. ज्या तोफांनीं मांचूंना तटाबाहेर थोपवावयाचें, त्याच तोफा आतां तट फोडण्यासाठीं फिरल्या.

मिंग घराणें केवळ यामुळें बुडालें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. दुष्काळ, करांचा बोजा व शेतकऱ्यांचीं बंडें यांनीं तें आंतून पोखरलें होतें. १६४४ मध्यें पेकिंग प्रथम जिंकलें तें बंडखोरांनीं, मांचू मागाहून आले. त्याच वर्षीं वांग जंगनें अन्नत्याग करून देह ठेवला. सुनचा तोफांवरील ग्रंथ १६६२ मध्यें पुन्हा छापला गेला, परंतु तेव्हां सिंहासनावर मांचूंचें घराणें होतें.

एक गोष्ट मात्र मिंग बादशहाच्या हयातींतच घडली. सुनच्या वधानंतर दहा वर्षांनीं, १६४२ मध्यें, राजधानीच्या रक्षणासाठीं तोफा हव्या झाल्या. त्या ओतण्याची आज्ञा झाली ती आदाम शाल यास. म्हणजे कोळशाची पाटी घेऊन सुनच्या कोठडींत गेलेल्या त्याच धर्मगुरूस. त्यानें आज्ञा पाळली व तोफा ओतल्या. पण त्या चालविण्याची विद्या जाणणारी एक सबंध फौज दहा वर्षांपूर्वींच समुद्रापलीकडे गेली होती, आणि तिला घडविणाऱ्या मनुष्याची चौकशी कधींच पुरी होऊन गेली होती.