भाजणे आणि कुटणे यांच्यामध्ये

वेरूळच्या लेण्यांविषयी लिहिणाऱ्या पहिल्या काही युरोपीय प्रवाशांत जाँ द तेव्हनो या फ्रेंच माणसाचे नाव येते. १६६६-६७ मधल्या हिंदुस्थानच्या प्रवासात, सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना, तो तेव्हाच्या औरंगाबादेहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) वेरूळ पाहायला आला. परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये इराणात तो वारला. त्याचे हिंदुस्थानचे वर्णन १६८४ मध्ये छापले गेले.

त्याआधीच्या तुर्कस्तान-इजिप्तच्या प्रवासवर्णनात याच तेव्हनोने कॉफीची कृती दिली आहे. बिया तव्यात किंवा दुसऱ्या भांड्यात विस्तवावर भाजायच्या, कुटून अगदी बारीक पूड करायची, 'इब्रिक' नावाच्या भांड्यात पाणी उकळले की तीन पेल्यांना एक शिगोशीग चमचा पूड घालायची. प्रमाणासकट! लेणी पाहणारी नजर चुलीकडेही तितक्याच बारकाईने पाहत होती. तरी भाजणे आणि कुटणे यांच्यामधली एक पायरी त्यात नाही. बिया निववायच्या कशा?

रवा भाजणाऱ्या कोणालाही ही पायरी ठाऊक असते. गॅस बंद केला तरी कढई तापलेलीच राहते, म्हणून रवा लगेच परातीत काढतात. कॉफीचे दुखणे याहून अवघड आहे. कच्च्या बीमध्ये सुमारे १० ते १२ टक्के पाणी असते. ते निघून जाऊन तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की बिया तडतडतात, आणि त्यापुढे बीच्या आतल्या रासायनिक क्रियाच उष्णता बाहेर टाकू लागतात. रवा करपतो तो कढईच्या उष्णतेने; कॉफी परातीत काढल्यावरही स्वतःच्या उष्णतेने भाजत राहते. ढीग करून ठेवली तर मधल्या बियांची उष्णता बाहेर पडतच नाही. म्हणून चारपाच मिनिटांत ती हाताला सोसेल इतकी निवावी लागते.

अरबस्तानातील बदाऊंना हे पक्के माहीत होते. भाजण्यासाठी लांब दांड्याची लोखंडी पळी आणि निववण्यासाठी वेगळे लाकडी तबक असा त्यांचा सरंजाम. तबकाचे नाव 'मबरद'. अरबीत 'बर्द' म्हणजे थंडी. प्रवाशाच्या वहीतून निसटलेली पायरी भांड्याच्या नावात टिकून राहिली. शब्दांवरून निघालो आहोत तर हेही सांगायला हवे की जुन्या मराठीत कॉफीच्या बीला 'बुंद' म्हणत, तो अरबी 'बुन्न'.

हिशेब करून पाहू. पाव किलो बिया २२० अंशांवरून ४० अंशांवर आणायच्या आहेत. एक ग्रॅम बी एक अंशाने निववताना साधारण १.६ ज्यूल उष्णता निघते असे धरले, तर एकूण सुमारे ७२ किलोज्यूल होतात. एक घनमीटर हवा ३० अंशांनी तापायला साधारण ३६ किलोज्यूल लागतात. म्हणजे दोन घनमीटर हवा बियांवरून जायला हवी, आणि ती आपणहून येत नाही. पाणी मारले तर तीसेक ग्रॅमची वाफ एवढी उष्णता घेऊन जाईल. मोठ्या कारखान्यांत तसे करतातही; पण घरी थोडे जास्त पडले की बिया ओल्या राहतात आणि लवकर शिळ्या होतात. फ्रिजमध्ये ठेवणे तर नकोच.

मग वेरूळच्या उन्हाळ्यात, हवाच ४० अंशांवर असताना, काय करायचे? न्यूटनने १७०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे वस्तू निवण्याचा वेग वस्तू आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरतो. बी २२० अंशांवर असताना २० अंशांच्या हवेत हा फरक २००, तर ४० अंशांच्या हवेत १८०. सुरुवातीचा वेग फक्त दहा टक्क्यांनी घटला. न्यूटनने आपले तापलेले लोखंड स्थिर हवेत ठेवले नव्हते, एकसारख्या वाऱ्यात ठेवले होते. नियम शिकवताना हा तपशील बहुधा गळतो, आणि आमच्या मते खरे मर्म तिथेच आहे. इथे ऋतूपेक्षा वारा महत्त्वाचा.

तेव्हा धातूची मोठी चाळणी, एकाच थराइतक्या बिया, समोर टेबलफॅन आणि सतत हलता हात. बियांची सुटलेली सालपटे याच वेळी उडून जातात, सुपात पाखडल्यासारखेच. न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये भट्टीचे पेटंट घेतले आणि १८६७ मध्ये निववण्याच्या यंत्राचे. म्हणजे यंत्रयुगालाही भाजण्यासाठी एक आणि निववण्यासाठी दुसरे अशी दोन साधने लागलीच.

वर्गात कॉफीऐवजी शेंगदाणे चालतील. निम्मे वाटीत ढीग करून, निम्मे चाळणीत पसरून पंख्यासमोर ठेवावेत आणि दर अर्ध्या मिनिटाला दोन्हींचे तापमान टिपावे. एक काळजी मात्र घ्यावी. शाळेतला थर्मामीटर बहुधा ११० अंशांपर्यंतचाच असतो. दाणे कढईतून काढल्याबरोबर तो त्यांत खुपसला तर फुटेल.