चंद्रकला

चंद्रकला : पृथ्वीवरून दिसणारी चंद्राच्या उजळ भागाची बदलती रूपे. ग्रहणाचा काळ सोडला तर चंद्राचा अर्धा गोल सदैव उन्हात असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळला आहे, त्यावर कोर, अर्धचंद्र की पूर्णबिंब हे ठरते. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. शुद्ध द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला जेमतेम तासभर दिसते, शुद्ध अष्टमीचा अर्धचंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तर पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला वर येतो. पौर्णिमेनंतर वद्य चतुर्थीला येणाऱ्या संकष्टीचा उपास चंद्रोदय झाल्यावर सोडतात; म्हणूनच तो सोडायला रात्र होते. त्यातही नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या साधारण २५ मिनिटे आधी.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी होऊन भांग पडते.

विवरे पाहायला पौर्णिमा सोयीची नाही. समोरून पडणाऱ्या उन्हात सावल्या उरत नाहीत व बिंब सपाट दिसते. अष्टमीला साध्या द्विनेत्रीतूनही प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांचे काठ उठून दिसतात. दक्षिणेकडील टायको विवरापासून फाकलेले पांढरे पट्टे मात्र पौर्णिमेलाच सर्वांत ठळक असतात.