तफावतीत सापडलेला धूर

सप्टेंबर १९५० मध्ये स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला. कॅनडातील वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून आला होता. पण त्याची वाट दाखवणारा उपग्रह तेव्हा नव्हता.

१९७८ साली निंबस-७ उपग्रहावर ‘टॉम्स’ हे उपकरण गेले, तेही ओझोन मोजण्यासाठी. निर्मळ हवा अतिनील किरण किती विखुरते, याचे गणित मांडता येते. धूर हे किरण शोषतो, म्हणून तिथे गणित आणि मोजणी जुळत नसे. ओझोनच्या हिशेबात ही त्रुटीच होती. १९९० च्या दशकात मात्र याच तफावतीतून धुराचा माग लागला. १९९७ मध्ये इंडोनेशियातील वणव्यांचा धूर हिंदी महासागरावर पसरताना तिच्यामुळेच दिसला.

प्रयोगवहीतील न जुळणारा आकडा खोडण्यापूर्वी आपण एकदा विचारावे: हा आला कशामुळे?