२०,००० मध्ये १, आणि एक मेणबत्ती

२२ मार्च १९७५. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या काठी ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. त्या दिवशी तिथल्या दोन अणुभट्ट्या पूर्ण क्षमतेने चालू होत्या. नियंत्रण कक्षाच्या खालच्या खोलीत कामगार हवेची गळती शोधत होते. या खोलीतून हजारो केबल भिंत भेदून पलीकडे जात होत्या. शोधायची पद्धत अगदी घरगुती होती. केबलच्या भोकाजवळ मेणबत्ती धरायची आणि ज्योत हलली की समजायचं, इथून हवा जाते आहे. एका ठिकाणी ज्योत नुसती हलली नाही, आत खेचली गेली. भोक बुजवायला वापरलेल्या फोमने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली आणि १,६०० हून जास्त केबल खराब झाल्या. पहिल्या अणुभट्टीचा गाभा थंड ठेवण्यासाठी असलेली आपत्कालीन व्यवस्था निकामी झाली. एरवी दुसऱ्याच कामाला असलेले पंप वापरून ऑपरेटर लोकांनी वेळ निभावून नेली.

याच काळात अमेरिकेत एक प्रचंड मोठा हिशेब शेवटच्या टप्प्यात होता. एमआयटीचे प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली १९७२ साली सुरू झालेल्या या अभ्यासाचं नाव वॉश-१४००. अणुभट्टीचा गाभा वितळण्याची शक्यता किती, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर आलं: एका अणुभट्टीमागे वर्षाला २०,००० मध्ये १.

पॉडकास्टच्या या भागात आपण मॉन्टे कार्लो पद्धतीबद्दल बोललो. वेळेअभावी राहून गेलेली गोष्ट इथे सांगतो. इतक्या गुंतागुंतीच्या यंत्रणेच्या भरवशाचा असा आकडा काढतात तरी कसा? आणि त्या आकड्यात मेणबत्ती कुठे बसते?

पत्त्यांचा डाव

सुरुवात पत्त्यांपासून होते. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणितज्ञ मोठ्या आजारातून उठत होते आणि वेळ घालवायला एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत होते. हा डाव सुटण्याची शक्यता किती, असा प्रश्न त्यांना पडला. कागदावर मोजायला गेलं तर शक्यतांचं जंगल. मग त्यांना वाटलं, मोजायचं कशाला? शंभर वेळा डाव मांडू आणि किती वेळा सुटला ते बघू.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? मोठं हे, की नेमक्या त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक संगणक जन्माला आले होते आणि ते न कंटाळता डाव मांडू शकत होते. उलाम यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. मार्च १९४७ मध्ये फॉन नॉयमन यांनी एका पत्रात तिचा आराखडा मांडला. अणुबॉम्बच्या संशोधनात न्यूट्रॉन पदार्थातून कसे फिरतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९४८ साली एनिॲक या संगणकावर असे हिशेब प्रत्यक्ष चालवले गेले. त्यांचा कोड लिहिण्यात क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा वाटा होता. उलाम यांचे एक काका मॉन्टे कार्लोला जुगार खेळायला जायचे म्हणून नातेवाइकांकडून पैसे उसने घ्यायचे, त्यावरून निकोलस मेट्रोपोलिस यांनी पद्धतीला ते नाव सुचवलं.

साखळी आणि झाड

दुसरा धागा क्षेपणास्त्रांचा. रॉबर्ट लुसर हे जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बचे एक रचनाकार. युद्धानंतर १९५० च्या दशकात ते अमेरिकेच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात काम करत होते. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी असते, असं आपण सहज म्हणून जातो. लुसर यांचं म्हणणं असं की प्रत्यक्षात परिस्थिती त्याहून वाईट असते. एकामागोमाग जोडलेले १०० भाग असतील आणि प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा असेल, तर सगळं यंत्र नीट चालण्याची शक्यता ९९ टक्के नसते. ०.९९ ला ०.९९ ने शंभर वेळा गुणत जा, उत्तर येतं साधारण ३७ टक्के.

यावर उपाय म्हणजे राखीव भाग. एक पंप बंद पडला तर दुसरा हवा. पण मग यंत्रणा साखळीसारखी राहत नाही, तिला फांद्या फुटतात. १९६२ च्या सुमारास बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये एच. ए. वॉटसन यांनी मिनिटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण यंत्रणेसाठी एक आकृती तयार केली. वर सगळ्यात नको असलेली घटना, उदाहरणार्थ आदेश नसताना क्षेपणास्त्र सुटणं. खाली ती कशामुळे घडू शकते, त्याच्या खाली ती कारणं कशामुळे. फांद्या 'आणि' व 'किंवा' यांनी जोडलेल्या. हेच फॉल्ट ट्री. बोईंगने ही पद्धत उचलली, वाढवली आणि पुढे विमानांसाठीही वापरली.

झाड मोठं झालं की ते हाताने सोडवता येत नाही. इथे उलाम यांचा डाव कामाला येतो. प्रत्येक भागासाठी संगणकाने फासा टाकायचा, चालला की बिघडला ते ठरवायचं आणि टोकाची घटना घडली का ते बघायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. अडचण एकच, आपल्याला ज्या घटनांची भीती असते त्या दुर्मीळ असतात. २०,००० मध्ये १ अशी घटना निदान शंभर वेळा दिसावी, म्हणजे आकड्यात साधारण १० टक्क्यांचीच चूक राहील, असं वाटत असेल तर २० लाख डाव मांडावे लागतात. आज तुमचा लॅपटॉप छोट्या झाडासाठी हे काही सेकंदांत करतो. त्या काळी संगणकाचा प्रत्येक तास महागडा होता, त्यामुळे कमी डावांत काम भागवण्याच्या युक्त्या शोधणं हेच एक शास्त्र झालं.

रासमुसेन यांचा हिशेब

रासमुसेन यांच्या गटाने व्हर्जिनियातलं सरी आणि पेनसिल्व्हेनियातलं पीच बॉटम अशी दोन केंद्रं नमुना म्हणून घेतली आणि त्यांचे फॉल्ट ट्री मांडले. पण एखादा व्हॉल्व्ह किती वेळा अडकतो याचा नेमका आकडा कोणाकडेच नव्हता. होता तो अंदाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून त्यांनी मॉन्टे कार्लो वेगळ्या जागी वापरली. प्रत्येक भागाच्या बिघाडाचा दर त्याच्या पल्ल्यातून चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा, सगळं झाड सोडवायचं, पुन्हा नव्या चिठ्ठ्या काढायच्या. शेवटी एकच उत्तर न मिळता उत्तरांचा पल्ला मिळतो. 'आम्हाला इतकं माहीत आहे आणि इतकं माहीत नाही' हे आकड्यात सांगायची ही प्रामाणिक रीत होती. आज मी रोज जे काम करतो, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे.

पण अहवालाच्या सारांशात हा पल्ला मागे पडला आणि आकडे पुढे आले. अणुभट्टीच्या अपघाताची तुलना उल्का पडून माणसं मरण्याशी केली गेली. वर्तमानपत्रांना आणि राजकारण्यांना तेवढं पुरे होतं.

दोन पंप, एक खोली

आता मेणबत्तीकडे येऊ. समजा, तुमच्याकडे दोन पंप आहेत. गरज पडेल तेव्हा प्रत्येक पंप १०० पैकी एकदा दगा देतो. दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता किती? शाळेत शिकलेलं उत्तर १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० मध्ये १. हे उत्तर एका गृहीतकावर उभं आहे: एका पंपाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

आणि संबंध असेल तर? समजा दहापैकी एका बिघाडाचं कारण सामाईक आहे. दोघांच्या केबल एकाच खोलीतून जातात, दोघांना एकाच माणसाने चुकीचं ग्रीस लावलंय किंवा दोघं एकाच तळघरात बसलेत. मग दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता साधारण ९०० मध्ये १ होते. जवळजवळ अकरा पट. पंप तेच, त्यांची गुणवत्ता तीच. तिसरा पंप आणून त्याच खोलीत ठेवला तर कागदावर आकडा सुधारतो, पण प्रत्यक्षात फारसं काही बदलत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर कार्ल फ्लेमिंग यांनी हा सामाईक हिस्सा मोजायला जे साधं मॉडेल मांडलं, ते बीटा फॅक्टर नावाने आजही वापरलं जातं.

ब्राउन्स फेरीमध्ये हेच झालं होतं. एकमेकांना राखीव असलेल्या यंत्रणांच्या केबल एकमेकांच्या शेजारून जात होत्या. नकाशावर त्या वेगळ्या होत्या, आगीला त्या एकच होत्या. रासमुसेन यांच्या गटाला सामाईक कारणांची कल्पना होती आणि त्यासाठी त्यांनी हिशेबात एक ढोबळ तजवीजही केली होती. पण झाडावर जी फांदी काढलेलीच नाही, तिच्यावर संगणक फासा टाकत नाही. २० लाख डाव मांडा नाहीतर २० कोटी, न काढलेली फांदी शून्यच राहते. डाव वाढवले की उत्तरातले दशांश अचूक होतात, झाड पूर्ण होत नाही.

१९७८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड लुइस यांच्या समितीने वॉश-१४०० ची तपासणी केली. निष्कर्ष दुहेरी होता. पद्धत चांगली आहे, ती आणखी वापरा. पण उत्तरातली अनिश्चितता फारच कमी दाखवली आहे आणि सारांश दिशाभूल करणारा आहे. जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने त्या सारांशावरचं आपलं शिक्कामोर्तब काढून घेतलं.

दोन महिन्यांनी

२८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीला पाणी पुरवणारे पंप थांबले. राखीव पंप ठरल्याप्रमाणे सुरू झाले. पण पुढच्या दोन्ही मार्गांवरचे व्हॉल्व्ह आधीच्या देखभालीनंतर बंदच राहिले होते. हे लक्षात यायला आठ मिनिटं लागली. दरम्यान दाब कमी करायला उघडलेला एक व्हॉल्व्ह परत मिटलाच नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह मिटला का हे दाखवत नव्हता, मिटायचा आदेश गेला की नाही एवढंच दाखवत होता. पाणी निघून जात राहिलं, ऑपरेटर लोकांना वाटलं पाणी जास्त झालंय, आणि त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला.

इथे गोष्ट फिरते. लोकांनी जुना वॉश-१४०० पुन्हा उघडला आणि आतल्या पानांत काय होतं? खरा धोका मोठा पाइप फुटण्याचा नाही, लहान गळती आणि माणसांच्या हातून होणाऱ्या चुका यांचा जास्त आहे. तेव्हाचे नियम आणि ऑपरेटरांचं प्रशिक्षण मात्र मोठ्या पाइपभोवती फिरत होतं. शेवटच्या आकड्यावर वाद घालण्यात चार वर्षं गेली होती, आणि कुठली फांदी जाड आहे हे त्याच अहवालात लिहिलेलं असून मागे पडलं होतं.

मला या सगळ्या इतिहासातून हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सिम्युलेशनचं शेवटचं उत्तर बहुतेक वेळा त्यातला सगळ्यात कमी भरवशाचा भाग असतो. झाड काढताना 'हे दोन भाग खरंच वेगळे आहेत का?' असं जे हजार वेळा विचारावं लागतं, ती त्यातली खरी कमाई. १९८० साली अमेरिकेत नियम आले: राखीव यंत्रणांच्या केबलमध्ये तीन तास आग थोपवणारी भिंत हवी, किंवा २० फूट अंतरासारखे पर्याय. हा नियम कुठल्या सिम्युलेशनमधून आला नाही, आगीतून आला. पण आज आगीचं सिम्युलेशन करताना केबलची जागा हा हिशेबाचा पहिला रकाना असतो.

धडा शिकला की संपला, असंही नाही. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा दाइइची केंद्रात सहा अणुभट्ट्यांसाठी १३ आपत्कालीन डिझेल जनरेटर होते. त्सुनामीनंतर एकच कामाचा उरला. बाकीचे जनरेटर किंवा त्यांची वीज वाहून नेणारी पॅनेलं सखल जागी होती आणि पाणी सगळीकडे एकदमच आलं. १३ हा आकडा कागदावर दणकट दिसतो. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी असलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच जातीच्या, म्हणजे उकळत्या पाण्याच्या, आणि जनरल इलेक्ट्रिकच्याच तंत्राच्या. १९६९ पासूनच्या. फुकुशिमानंतर भारतातल्या केंद्रांचीही तपासणी झाली, ती याच प्रश्नासाठी: सगळी वीज एकदम गेली तर?

तुमच्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहात, तिथली मेणबत्ती ताजी आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. विमानतळ, बँका, रुग्णालयं. कित्येकांकडे राखीव संगणक होते. राखीववरही तेच अपडेट पोचलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी तुम्हाला '९९.९९९ टक्के' असं लिहिलेली स्लाइड दाखवली तर किती डाव मांडले हे नका विचारू. कुठले भाग एकमेकांपासून वेगळे धरले आहेत आणि ते वेगळे आहेत हे कोणी बघितलं, एवढं विचारा. अणुकेंद्रांच्या आग आणि भूकंपाच्या हिशेबांत हे काम आजही पायी होतं. इंजिनिअर नकाशा हातात घेऊन केंद्रात फिरतात, टॉर्च मारून केबल कुठून कुठे जाते ते बघतात, कुठल्या दाराखालून पाणी येऊ शकतं ते लिहून घेतात. ती वही भरली, की मग संगणक सुरू करायचा.