दुचाकीवरची मांड : हँडलच्या वाकड्या नळीचा इतिहास

मोटारसायकलच्या इतिहासात इंजिनाच्या घनक्षमतेवर पानेच्या पाने खर्ची पडतात. हँडलच्या वाट्याला एखादे वाक्य आले तरी पुष्कळ. वास्तविक मनगट, खांदा आणि कणा यांच्याशी सर्वांत जवळचे नाते त्याच नळीचे असते. एखादे वाहन कोणासाठी घडवले गेले हे जाणून घ्यायचे असेल, तर आधी त्याचे हँडल पाहावे, असे माझे मत आहे. आजचा धागा त्या नळीविषयी आहे. उदाहरणासाठी घेतला आहे तो चांदणी चौकातून निघून भूगाव, भुकूम, पिरंगुट करीत पौडकडे जाणारा मुळशी तालुक्यातील रस्ता.

स्वाराच्या बसण्यासाठी मराठीत ‘मांड’ हा नेमका शब्द आहे. मांड पक्की असणे हे घोडदळाच्या काळात जिवावरचे काम होते. रिकीब आखूड ठेवायची की लांब, यावर स्वाराचा तोल, भाल्याचा जोर आणि दिवसभराच्या मजलीनंतरची पाठ अवलंबून असे. स्पेनमध्ये तर आखूड रिकिबीची ‘हिनेता’ आणि लांब रिकिबीची ‘ब्रिदा’ अशा दोन स्वतंत्र स्वारीपद्धतीच नांदत होत्या. आपल्याकडे शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराचा सरकारी. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो कामी येणार आहे.

आता १८८५ या वर्षाकडे येऊ. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही सारख्या चाकांची सायकल त्याच वर्षीची, आणि जर्मनीत गोटलीब डाइमलर यांची लाकडी सांगाड्याची इंजिनगाडीही त्याच वर्षीची. दोन्हींवर माणूस बसला तो घोड्यावर बसावा तसा, ताठ. मात्र सायकलींच्या शर्यती वाढल्या तसे हँडल खाली गेले. १८९० च्या दशकात वाकून सुसाट जाणाऱ्या तरुणांची युरोप-अमेरिकेतील वृत्तपत्रे टवाळी करीत. अशा बसण्याने पिढीच्या पिढी कुबडी होईल, असा इशारा काही डॉक्टर देत. ‘रेसिंग हँडल’वरून आजच्या घरांत होणारे वाद किमान सव्वाशे वर्षे जुने आहेत, एवढे यावरून सिद्ध होते.

१८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी लवचीक आवरणातून धावणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. आपण रोज ‘केबल’ म्हणतो ती हीच. माझ्या मते हँडलच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना ही आहे. त्याआधी ब्रेकचा दाब लोखंडी सळ्यांनी चाकापर्यंत पोचवावा लागे, आणि सळई वाकवता येत नाही. हँडल बदलायचे म्हणजे सगळी जोडणी बदलणे आले. आपल्याकडील दूधवाल्यांची काळी, सळईच्या ब्रेकची सायकल आठवावी. तिचे मागे वळलेले हँडल कंपनीने ठरवले ते ठरवले. केबल आल्यावर मात्र नळी उंच, रुंद, सपाट, खाली झुकलेली, हवी तशी करता येऊ लागली. ‘निवड’ हा शब्द येथून अर्थपूर्ण होतो.

या स्वातंत्र्याचे जगाने काय केले, ते पाहणे मनोरंजक आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये रॉली फ्री हा अमेरिकन स्वार बॉनव्हिलच्या मिठागरावर व्हिन्सेंट मोटारसायकलवर अक्षरशः पालथा झोपला. अंगावर पोहण्याची चड्डी होती. हवेचा विरोध कमी करून त्याने ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. ब्रिटनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत ‘रॉकर’ तरुणांनी लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर फॉर्कच्या नळ्यांना थेट आवळलेली दोन तुकड्यांची आखूड हँडले लोकप्रिय केली. आपण ज्याला ‘क्लिप-ऑन’ म्हणतो तेच हे. रॉयल एनफिल्डने १९६४ मध्ये २५० सीसीची ‘कॉन्टिनेंटल जीटी’ काढली, तेव्हा हा अड्ड्यावरचा बदल कारखान्यातूनच मिळू लागला. दुसरीकडे, त्याच ट्रायम्फ कंपनीची तीच बॉनव्हिल अमेरिकेत उंच, रुंद हँडल लावून विकली जाई आणि मायदेशी सखल हँडल लावून. म्हणजे यंत्र एक आणि माणसे दोन प्रकारची.

येथे थोडे भौतिकशास्त्र सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढचा मुद्दा उलगडणार नाही. पुढे वाकलेल्या स्वाराच्या धडाचा भार कोठेतरी टेकावा लागतो. वेग जास्त असेल तर समोरून येणारी हवा छातीला आधार देते आणि मनगटे मोकळी राहतात. पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला जो आधार मिळतो, त्याचा चौथा हिस्साच ताशी ५० ला मिळतो. तेव्हा भुकूमच्या गर्दीत तीस-चाळीसच्या वेगाने क्लिप-ऑनवर वाकलेला मुलगा आपले धड तळहातांवर पेलत असतो. हाताला येणाऱ्या मुंग्या तेथून येतात. उलट हँडल फार उंच व मागे असले की पाठ ताठ होते आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका सीटमधून सरळ कण्यात चढतो. पावलेही पुढे असतील, तर त्यांच्यावर भार घेऊन क्षणभर उठताही येत नाही. म्हणून छोट्या गाडीवर धड किंचित पुढे, कोपरे थोडी वाकलेली, पावले गुडघ्यांच्या जवळपास खाली, ही मधली मांड सुखाची ठरते.

आता आपला देश. बजाजला स्कूटर-रिक्षा बनविण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. पुढची कित्येक वर्षे गिऱ्हाईक नाव नोंदवून स्कूटरची वर्षानुवर्षे वाट पाहत असे. ज्याला गाडी मिळण्याचीच शाश्वती नाही, तो हँडलची तक्रार कोणापुढे करणार? पैसे स्वतःचे, गाडी स्वतःची, तरी मांड मात्र बारगिराची! १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून ५० सीसीची लूना आणली. ती पॅडलची होती, मध्ये पाय ओलांडून बसता येई, आणि हँडल सायकलसारखे उंच. ज्याला सायकल येते त्याला लूना येते, ही तिची खरी क्रांती होती. लगेच १९७३ मध्ये ‘बॉबी’ चित्रपटामुळे एस्कॉर्ट्सची छोट्या चाकांची राजदूत जीटीएस गाजली. तिच्यावरची मांड पडद्यावर जितकी शोभली तितकी कच्च्या रस्त्यावर शोभली असेल, असे मला वाटत नाही.

ग्रामीण महाराष्ट्राने मात्र निवड केली ती दुसऱ्याच राजदूतची. पोलंडच्या एसएचएल रचनेवर बेतलेली १७३ सीसीची साधी, दणकट गाडी. १९८० च्या दशकात तिच्या सोबतीला बजाजची एम-८० आली. एम-८० चे गिअर डाव्या मुठीत फिरवायचे असत, म्हणजे तेथे हँडल हेच गिअरचेही ठिकाण होते. दुधाचे कॅन मागे दोन्ही बाजूंना लटकवले की गाडीचे वजन मागच्या चाकावर जाते आणि पुढचे चाक हलके पडते. पिरंगुटच्या घाटासारख्या चढावर हे आणखी जाणवते. तेथे रुंद हँडल म्हणजे लांब तरफ. कमी जोरात, कमी वेगात गाडी सरळ ठेवता येते. मागे लुगड्यात एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई असेल, तरी हाच हिशेब. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या स्वाराचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून जाळी सक्तीची झाली, हे आपण जाणतोच. बाईच्या त्या बसण्याचा तोल रोज सांभाळला तो पुढच्याच्या हातातील नळीने, याची नोंद कोणी घेतली नाही.

१९८५ च्या सुमारास हिरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१०० आल्या आणि प्रथमच दोन भिन्न मांडी एकाच किमतीच्या आसपास विकत मिळू लागल्या. भारतीयांच्या शरीराची मोजमापे रचनाकारांसाठी पुस्तकरूपाने उपलब्ध झाली ती थेट १९९७ मध्ये. अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेने प्रकाशित केलेले देबकुमार चक्रबर्ती यांचे ते काम. तोवर आपण परक्यांच्या हातांच्या लांबीवर गाड्या चालवीत होतो, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त नाही.

आजच्या मुळशीतील तरुण सकाळी पिरंगुटच्या कारखान्यांकडे किंवा कोथरूडकडे निघतो. त्याच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर नळीचे हँडल असेल, तर नवे विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहावा. पकडीचे बोल्ट सैल करून आहे तेच हँडल थोडेसे मागे किंवा पुढे फिरवावे आणि क्लच-ब्रेकची मूठ अशी बसवावी की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा यावी. क्लिप-ऑनवर ही सोय जवळजवळ नसते. एवढ्याने भागले नाही, तर नाना पेठेत जाताना तीन मापे लिहून न्यावीत : रुंदी, उंची आणि मुठी किती मागे येतात ते अंतर. छोट्या गाड्यांच्या नळीचा व्यास मुठीपाशी साधारण २२ मिलिमीटर असतो. मोठ्या गाड्यांची जाड नळी तिथे बसणार नाही.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. म्हणून त्याच मॉडेलच्या मूळ मापाजवळचे हँडल घेणे शहाणपणाचे.

बसवून झाल्यावर गाडी मधल्या स्टँडवर न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन चालू ठेवावे आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. अंगठा टाकीला चिमटत असेल तर हँडल फार खाली आहे. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडते आहे. लांब केबल टाकल्याशिवाय ती गाडी घाटात नेऊ नये.