शिक्षक-प्रशिक्षण, दूरस्थ

अध्यापक महाविद्यालयात पूर्ण वेळ उपस्थित न राहता मुद्रित पाठ, संपर्कसत्रे व अन्य माध्यमे यांच्या साहाय्याने अध्यापनाचे व्यावसायिक शिक्षण घेण्याची पद्धती. ती मुख्यतः सेवेतील शिक्षकांसाठी विकसित झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात शाळांची संख्या झपाट्याने वाढली. तथापि प्रशिक्षित शिक्षक त्या प्रमाणात उपलब्ध नव्हते. एकशिक्षकी शाळेतील शिक्षकास प्रशिक्षणासाठी पाठविल्यास शाळाच बंद पडण्याची भीती असे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पत्रद्वारा शिक्षणाचा पुरस्कार केला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी १९६६ च्या सुमारास उन्हाळी वर्ग व पत्रव्यवहार यांची सांगड घालणारा बी.एड्. अभ्यासक्रम सुरू केला. महाराष्ट्रात नासिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्था. १९८९) अभ्यासकेंद्रांच्या द्वारा सेवेतील शिक्षकांसाठी बी.एड्. शिक्षणक्रम चालविला.

या पद्धतीत उमेदवार एकाच वेळी शिक्षक व विद्यार्थी असतो. दिवसा अध्यापन, फावल्या वेळी स्वयंअध्ययन-पुस्तिकांचे वाचन व स्वाध्यायलेखन आणि सुटीत संपर्कसत्रे असा त्याचा क्रम असतो. त्याचा स्वतःचा वर्ग हीच त्याची सरावशाळा ठरते. सोलापूर जिल्ह्यात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. शहरातील विणकर वस्तीत तेलुगू, तर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड ही अनेक मुलांची घरची भाषा आहे. सर्वांसाठी एकाच साच्यात छापलेल्या पाठातून अशा वर्गाचे प्रश्न पूर्णपणे सुटत नाहीत. त्यांची उत्तरे अनुभवातून व सहकाऱ्यांशी होणाऱ्या चर्चेतून शोधावी लागतात. मात्र पाठ-निरीक्षण व त्यावरील तात्काळ मार्गदर्शन ही या पद्धतीची दुबळी बाजू होय.

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) २०१७ मधील दुरुस्तीने अप्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांना पात्रता मिळविण्यासाठी ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ‘स्वयम्’ या संगणकीय मंचाच्या साहाय्याने पदविका अभ्यासक्रम राबविला. त्यातील उमेदवारांची नोकरीच या पात्रतेवर अवलंबून होती.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि नियमित छात्राध्यापकांवरही दूरस्थ शिक्षणाची वेळ आली. पूर्वीच्या उमेदवारापासून महाविद्यालय दूर होते. आता मुलेही दूर गेली. त्याच वर्षी माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना, पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड देण्याच्या कार्याबद्दल, जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. खेड्यातील शिक्षकही नवी साधने समर्थपणे वापरू शकतो, हे त्यावरून दिसून आले. तथापि मुलाच्या चेहऱ्यावरील अनाकलन ओळखून त्याच क्षणी विवेचनाची दिशा बदलणे, हे कौशल्य प्रत्यक्ष वर्गातच अंगवळणी पडते. म्हणून दूरस्थ प्रशिक्षणाचे यश साधनांइतकेच उमेदवारास लाभणाऱ्या वर्गावर व मार्गदर्शकावर अवलंबून राहते.